मिशन हवाई सेवेसाठी निधी: विमान, हँगर आणि एका उड्डाणतासाचा हिशेब

मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात उड्डाणे करणाऱ्या एका मिशन हवाई सेवेला पुढची पाच वर्षे नियमित मदत करण्याचा त्यांचा विचार आहे आणि अहिल्यानगर व सोलापूरकडच्या त्यांच्या मूळ मंडळ्यांनीही (म्हणजे चर्चनीही) वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे. पैसा नव्या विमानासाठी द्यावा, हँगर (विमान ठेवण्याची आणि दुरुस्तीची शेड) आणि उपकरणांसाठी द्यावा, की एखाद्या मालकाकडून वापरलेले विमान दानात मिळवून तेच तिकडे पाठवावे, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

मी अशा सेवांच्या देखभालीचे आणि मालमत्तेच्या नियोजनाचे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून माझा सल्ला असा आहे. वापरलेले विमान मुळीच पाठवू नये. नव्या विमानासाठी स्वतंत्र मोहीम इतक्यात उघडू नये. आधी त्या सेवेकडून एका उड्डाणतासाचा संपूर्ण खर्च लेखी मागवावा आणि त्या हिशेबातील जो भाग प्रवाशांच्या भाड्यातून कधीच वसूल होणार नाही, त्यासाठी आपला निधी बांधून द्यावा. बहुतेक वेळा हा भाग म्हणजे हँगर, इंधनसाठा, सुट्या भागांचे भांडार आणि कर्मचाऱ्यांची घरे असतो. विमान त्यानंतर येते.

दाते विमानासाठी उत्साहाने देतात, यात नवल नाही. विमानाचे छायाचित्र काढता येते, त्याचा समर्पणविधी करता येतो, त्याच्या अंगावर वचन लिहिता येते. काँक्रीटच्या फरशीचा समर्पणविधी मी अजून पाहिलेला नाही. पण या कामाच्या अगदी पहिल्या वर्षाचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी १९४५ मध्ये अमेरिकेत जी संस्था काढली, तीच पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप म्हणून ओळखली गेली. तिचे पहिले विमान १९३३ च्या बनावटीचे, वापरलेले, लाल रंगाचे वाको जातीचे द्विपंखी विमान होते आणि वैमानिक बेटी ग्रीन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये ते मेक्सिकोकडे नेले. त्याच वर्षी दुसऱ्या वैमानिकाच्या हातून ते उतरताना मोडले आणि ते दुरुस्त करण्यासाठी विमानदुरुस्ती जाणणारे नेट सेंट यांना मेक्सिकोत जावे लागले. विमान विकत घेण्याची सोय झाली होती. ते मोडल्यावर कोण, कुठे, कोणत्या हत्यारांनी आणि कोणाच्या पैशाने दुरुस्त करणार, हा प्रश्न मात्र ते मोडल्यानंतर उभा राहिला. आजही अनेक छोट्या सेवांमध्ये क्रम हाच असतो.

आता तासाचा हिशेब कसा मागवायचा ते पाहू. पापुआ न्यू गिनीत अशा कामासाठी सर्रास वापरले जाणारे विमान म्हणजे सेस्ना कॅराव्हान. त्याच्या पीटी-६ जातीच्या टर्बाइन इंजिनाची संपूर्ण उलगडून पुनर्बांधणी, म्हणजे ओव्हरहॉल, साधारणपणे ३,६०० तासांनी येते. समजा त्या ओव्हरहॉलला ३,६०,००० अमेरिकी डॉलर लागणार असतील, तर प्रत्येक उड्डाणतासाला १०० डॉलर केवळ इंजिनाच्या नावाने बाजूला पडले पाहिजेत. विमान वर्षाला ६०० तास उडत असेल, तर सहाव्या वर्षाच्या अखेरीस ते बिल येणारच, आणि त्या दिवशी राखीव खात्यात रक्कम नसेल, तर पंखांसह सर्व काही ठाकठीक असलेले विमान नुसते उभे राहील. यात प्रोपेलरची भर घाला, ज्याच्या ओव्हरहॉलला तास आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात. शिवाय इंजिनातल्या काही फिरत्या चकत्यांचे आयुष्य किती वेळा इंजिन सुरू होऊन बंद झाले यावर मोजले जाते. ज्या सेवेची उड्डाणे दहा-पंधरा मिनिटांची असतात, तिच्या तासागणिक अशा फेऱ्या जास्त भरतात आणि तिचा खर्च लांब पल्ल्याच्या सेवेच्या आकड्यांवरून काढला, तर तो नेहमी कमीच दिसतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये राहिलेल्यांना मी हे सिंकिंग फंडाच्या उदाहरणाने समजावतो: इमारत आज चांगली आहे म्हणून तो भरायचा थांबवता येत नाही.

या राखीव निधीबाबत पापुआ न्यू गिनीची एक खास अडचण आहे आणि बाहेरच्या दात्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. भाडे तिथल्या किना या चलनात जमा होते, तर इंजिन, प्रोपेलर आणि सुटे भाग डॉलरमध्ये विकत घ्यावे लागतात. २०१४ नंतरच्या वर्षांत त्या देशात परकीय चलनाचा तुटवडा राहिला आहे आणि बँकेत किना शिल्लक असूनही डॉलर मिळवण्यासाठी व्यवसायांना वाट पाहावी लागलेली आहे. म्हणून ऑस्ट्रेलियातील दात्यांना करता येण्यासारखी खूप उपयोगी पण कमी आकर्षक गोष्ट म्हणजे इंजिनाचा राखीव निधी देशाबाहेर, डॉलरसारख्या स्थिर चलनात, वेगळ्या खात्यात उभा करून देणे. सेवेने भाड्यातून तेवढीच रक्कम किनामध्ये स्थानिक खर्चाला वापरावी आणि तिची नोंद दोन्हीकडे जुळवावी. लेखापरीक्षकाला हे आधी समजावून द्यावे लागते, पण एकदा घडी बसली की अडत नाही.

तासाचा हिशेब हाती आला की त्यात वैमानिक आणि अभियंत्यांचे वेतन कुठे दिसते ते बघावे. बऱ्याच प्रॉटेस्टंट मिशन सेवांमध्ये परदेशातून आलेला वैमानिक आपल्या घरच्या मंडळ्यांकडून स्वतःचा निर्वाहनिधी उभारून येतो, त्यामुळे त्याचे वेतन सेवेच्या खर्चात धरलेच जात नाही. यात गैर काही नाही. पण उद्या त्याच जागी पापुआ न्यू गिनीचा स्थानिक वैमानिक नेमायचा ठरला, तर त्याला पाठीशी उभ्या राहणाऱ्या परदेशी मंडळ्या नसतात आणि तासाचा दर अचानक वाढतो. स्थानिक माणसे तयार करायची असे म्हणणाऱ्या सेवेने ते वेतन आजपासून हिशेबात धरले पाहिजे. तसे धरलेले नसेल, तर त्या सेवेचे भाडे किती टक्के खर्च भागवते हा आकडा फसवा समजावा. दानात आलेल्या विमानाचा घसारा न धरण्याची सवयही याच जातीची आहे. विमान फुकट मिळाले म्हणून ते झिजायचे थांबत नाही, आणि ते बदलण्याची वेळ आली की पुन्हा दात्यांच्या दारात जावे लागते.

वापरलेले विमान पाठवण्याची कल्पना मोहक आहे, आणि ती का टाळावी हे जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळे सुटे भाग, वेगळी खास हत्यारे, वेगळ्या देखभाल-पुस्तिका आणि त्या जातीवर प्रशिक्षित, मान्यताप्राप्त अभियंता व वैमानिक लागतात. तीन कॅराव्हान चालवणाऱ्या सेवेला एखादे दोन इंजिनांचे जुने विमान मिळाले, तर ताफा चार विमानांचा होत नाही; तीन विमानांचा एक आणि एका विमानाचा एक, असे दोन ताफे होतात. एका सेवेच्या हँगरामागे असे दानाचे विमान बराच काळ गवतात उभे असलेले मी पाहिले आहे. ते उडवण्याइतका पैसा नव्हता, आणि दात्याचे मन मोडेल म्हणून ते विकले जात नव्हते. अनुभवी संस्था म्हणूनच दानात आलेले विमान त्याच देशात विकतात आणि मिळालेली रक्कम आपल्या ताफ्यासाठी वापरतात. आपल्या ओळखीत कोणी विमान द्यायला तयार असेल, तर त्यांच्याकडून विक्रीची मुभा पहिल्याच पत्रात लिहून घ्यावी.

जात बदलल्याचा परिणाम इमारतीवरही होतो. सेस्ना २०६ या सहा आसनी पिस्टन विमानाचा पंखविस्तार साधारण ११ मीटर आहे, कोडियाक या टर्बाइन विमानाचा १३.७ मीटर आणि कॅराव्हानचा १५.९ मीटर. नंतरच्या दोघांच्या शेपटीची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते. पूर्वी २०६ साठी बांधलेल्या हँगरच्या दारातून कॅराव्हान आत जात नाही, आणि दार रुंद करायचे म्हणजे वरची तुळई आणि बहुधा संपूर्ण समोरची चौकटच बदलावी लागते. त्यामुळे हँगरसाठी निधी देताना आज कोणते विमान आहे यापेक्षा पंधरा वर्षांनी कोणते असेल हे विचारावे आणि दाराची रुंदी-उंची त्या विमानाच्या मापाने धरावी. जमीन कोणाच्या नावावर आहे हेही तेव्हाच विचारावे. पापुआ न्यू गिनीत बहुतांश जमीन परंपरागत मालकीची, म्हणजे कुळांच्या सामाईक ताब्यातली आहे. विमानतळाच्या हद्दीतला भूखंड असेल, तर तो भाडेपट्ट्यावर असतो. भाडेपट्ट्याची उरलेली मुदत हँगरच्या आयुष्यापेक्षा कमी असेल, तर पहिला खर्च वकिलावर करावा, सिमेंटवर नव्हे.

हँगरच्या अंदाजपत्रकात छपराचा आकडा मोठा दिसतो, पण कामाचा दर्जा फरशीवर ठरतो. विमान जॅकवर उचलताना सगळे वजन तीन बिंदूंवर येते. फरशी तडकलेली किंवा उताराची असेल, तर तिथे जड देखभाल करता येत नाही आणि विमान तपासणीसाठी दुसऱ्या तळावर, कधीकधी दुसऱ्या देशात न्यावे लागते. ते उड्डाण रिकामे असते आणि त्याचा खर्च कोणत्याही दात्याच्या अहवालात दिसत नाही. त्यानंतर सुट्या भागांचे भांडार येते. डोंगराळ भागातल्या माउंट हेगन शहरासारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या पावसाळी ठिकाणी रबरी सील, बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग दमट हवेत खराब होतात, म्हणून भांडाराला आर्द्रता नियंत्रण लागते आणि त्यासाठी भरवशाची वीज लागते. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) आणि दाबमापके ठरावीक मुदतीत प्रमाणित करून आणावी लागतात आणि ती बाहेर पाठवलेली असताना काम चालावे म्हणून दुसरा जोड हवा. जनित्र किंवा सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि लांब अंतरावर संपर्क साधणारा एचएफ रेडिओ ही दात्यांना किरकोळ वाटणारी यादी आहे, पण एका ब्रेकच्या भागासाठी विमान आठवडाभर थांबते तेव्हा तिचे मोल कळते.

इंधनाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या देशात निधीची खरी गळती तिथे होते. राजधानी पोर्ट मोर्सबीहून डोंगराळ भागात जाणारा रस्ताच नाही आणि अनेक खोऱ्यांत पोहोचायचे तर विमान किंवा दिवसांची पायपीट हे दोनच मार्ग आहेत. कॅराव्हान तासाला ढोबळमानाने १९० लिटर जेट इंधन जाळते, म्हणजे २०० लिटरचे एक पिंप साधारण एका तासाला पुरते. त्या पिंपातल्या इंधनाचेच वजन सुमारे १६० किलो भरते. दुर्गम तळावर ते पिंप विमानानेच न्यायचे असेल, तर दोन माणसांची जागा एका तासाच्या इंधनाने अडवली असा त्याचा अर्थ. योग्य ठिकाणी, रस्त्याने टँकर पोहोचेल अशा गावी, जमिनीवरची टाकी, गाळणी, पाणी तपासण्याची सोय आणि गळती अडवणारा कट्टा बांधून दिला, तर ताफ्यात विमान न वाढवता वाहतुकीची क्षमता वाढते. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांच्या निधीसाठी यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण आहे.

धावपट्ट्यांचेही तसेच. डोंगरातल्या कित्येक गवती पट्ट्या उताराच्या आणि एकाच बाजूने उतरण्याजोग्या आहेत. गवत वाढले, चर बुजले, की पट्टी बंद होते आणि त्या खोऱ्याचा दवाखान्याशी व शाळेशी संपर्क तुटतो. पापुआ न्यू गिनीत ग्रामीण धावपट्ट्यांच्या देखभालीसाठी रूरल एअरस्ट्रिप एजन्सी ही स्वतंत्र संस्था आहे, आणि गावकऱ्यांना गवत कापण्याची यंत्रे व काम देऊन ती पट्ट्या खुल्या ठेवते. विमानसेवेला दिलेल्या निधीचा एक भाग या कामाकडे वळवायला सेवेची हरकत नसावी, कारण उतरायला जागाच नसेल तर विमान कितीही चांगले असून उपयोग नाही.

मग नवे विमान घ्यायचेच कधी? तासाचा हिशेब स्वच्छ झाला, राखीव निधी तीन वर्षे न मोडता भरला गेला आणि तरीही मागणी पुरी होत नसेल, तर. तेव्हा इंधनाचा विचार आधी करावा. पिस्टन विमानांना लागणारे विमान-पेट्रोल जगाच्या बऱ्याच कोपऱ्यांत महाग आणि दुर्मीळ झाले, जेट इंधन मात्र मोठ्या विमानतळांमुळे सगळीकडे मिळत राहिले. मिशन सेवांनी टर्बाइन विमाने घेतली त्याचे मुख्य कारण हेच होते. या बदलातून निधी उभारण्याची एक विलक्षण पद्धतही पुढे आली. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील सँडपॉइंट गावी क्वेस्ट कंपनीने कोडियाक हे आखूड पट्टीवर उतरणारे टर्बाइन विमान घडवायला घेतले, तेव्हा मिशन संस्थांनी आणि त्यांच्या दात्यांनी त्याच्या विकासखर्चातच पैसा घातला, आणि बदल्यात साधारण दहा विमानांमागे एक विमान उत्पादनखर्चात मिळावे असा करार केला. कोडियाकला २००७ मध्ये अमेरिकी प्रमाणपत्र मिळाले. पुढे २०१५ मध्ये कंपनी जपानी मालकीकडे आणि २०१९ मध्ये फ्रान्सच्या दाहेर कंपनीकडे गेली. दात्यांनी तयार विमान घेण्याऐवजी आपल्या गरजेचे विमान घडवून घेतले, ही या क्षेत्रातली मला सर्वांत दूरदर्शी वाटलेली गुंतवणूक आहे. मालकी बदलल्यावर अशा सवलती टिकतात का, हे मात्र प्रत्येक वेळी करार वाचून ठरवावे लागते.

लहान देणग्यांतून मोठे साधन उभे करण्याचे जुने उदाहरण कॅथलिक बाजूला सापडते. पॉल शुल्टे हे जर्मन धर्मगुरू पहिल्या महायुद्धातले वैमानिक होते. दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत (आजच्या नामिबियात) वेळेवर वाहन न मिळाल्याने आजारी पडलेला त्यांचा मिशनरी मित्र दगावला, आणि त्यानंतर १९२७ मध्ये त्यांनी मिशनांना मोटारी, बोटी व विमाने पुरवण्यासाठी मीवा ही संस्था काढली. तिची ऑस्ट्रियातील शाखा आजही वाहनचालकांकडून अपघाताविना कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे सेंटचा दहावा भाग मागते. मागणी इतकी छोटी आणि कारण इतके स्पष्ट आहे की वर्षानुवर्षे देणे जड जात नाही. मेलबर्नच्या कुटुंबांनी वार्षिक मोठ्या कार्यक्रमापेक्षा अशी एखादी मोजपट्टी निवडावी: दर महिन्याला अमुक इतक्या उड्डाणतासांचा इंजिन-राखीव आमचा, असे ठरवले, तर मुलांनाही ते समजते आणि सेवेलाही अंदाजपत्रक आखता येते.

सेवेचे उत्पन्न कुठून येते हेही विचारावे. लेसोथोमध्ये मिशन एव्हिएशन फेलोशिपची विमाने तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेसाठी उडत आली आहेत. असा करार स्थिर उत्पन्न देतो, पण सेवेला एकाच ग्राहकावर विसंबून ठेवतो. २०२५ मध्ये अमेरिकेची परदेशी मदत देणारी सरकारी संस्था यूएसएआयडी गुंडाळली गेली, तेव्हा मदतसंस्थांच्या उड्डाणांवर विसंबलेल्या कोणत्याही सेवेने आपल्या तासांचा अंदाज पुन्हा मांडायला हवा होता. एका ग्राहकाकडून निम्म्याहून अधिक तास येत असतील, तर राखीव निधी मोठा असावा.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी पाहाव्यात. ऑस्ट्रेलियात मंडळीला दिलेल्या देणगीवर सहसा करवजावट मिळत नाही. परदेशी मदतीसाठी मान्यता असलेल्या निधीला दिली तर मिळते, पण तो पैसा आरोग्य, शिक्षण, आपत्तीनिवारण अशा कामांसाठीच खर्च व्हावा लागतो. सुवार्तेची उड्डाणे आणि रुग्णांची उड्डाणे यांचे हिशेब म्हणून वेगळे ठेवावे लागतात आणि सेवा ते ठेवते का, हे आधी तपासावे. भारतातील व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत परदेशी देणगी पाठवू शकते. मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाने पाठवायचे ठरवले, तर भारताबाहेरच्या खर्चाला करसवलत टिकवण्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, म्हणून अहिल्यानगर-सोलापूरच्या सभासदांनी व्यक्तिशः देणे सोपे. आणि मेलबर्नहून रक्कम आधी गावच्या मंडळीत जमा करून मग एकत्र पाठवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा भारतात परकीय योगदान ठरतो आणि त्याला त्या कायद्याचे नियम लागतात, भले देणारा मूळचा संगमनेरचा असो.

शेवटी करारपत्र. त्यात कोणत्या कामासाठी रक्कम दिली, ते काम रद्द झाले तर ती कुठे वळवता येईल, विमान किंवा हँगर विकले गेले तर त्यातला वाटा कोणत्या खात्यात परत जाईल, आयातशुल्कात सूट घेतलेली वस्तू विकताना तो कर कोण भरेल आणि विम्याची भरपाई कोणाच्या नावे येईल, एवढे लिहिलेले असावे. दरवर्षी मागायचा अहवालही तसाच नेमका असावा: उडालेले तास, त्यांपैकी रिकामे तास, प्रत्येक इंजिनाचे उरलेले तास, त्याच्यासमोर राखीव खात्यातली डॉलरमधली शिल्लक आणि सुट्या भागांअभावी विमाने उभी राहिलेले दिवस. पहिल्या वर्षी हे आकडे मिळायला उशीर होईल, कारण बऱ्याच सेवांनी ते एका कागदावर कधी मांडलेले नसतात; तेव्हा पहिल्या हप्त्यातून एका हिशेबनिसाचे सहा महिन्यांचे मानधन द्यायला हरकत नाही.